न सांगितलेलं मुळाकडून येतं

राजेंद्र नगर, इंदूर
९ फेब्रुवारी १९९९

प्रिय सुरभी,

तुझं कॉम्प्युटरचं खोकं मजेत आहे. माझं शेवटी लिहितो, तिथवर वाचल्याशिवाय पत्र खाली ठेवू नकोस. मिल बंद झाल्यावर चार वर्षं ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देणारा तुझा बाप आता कॉलनीतल्यांचे इंग्रजी अर्ज टाइप करतो, आणि लोक त्याला टाइपवाले साहेब म्हणतात. रंगखात्यात सव्वीस वर्षं काढली, तिथे कुणी साहेब म्हटलं नव्हतं.

दिवाळीत तू कॉम्प्युटरवर बसवून दिलेल्या, अर्ज लिहायच्या एडिटरशी मात्र माझं भांडण झालं. तू शिकवलं होतंस, की मूळ अक्षर एक, त्याचा आकार, रंग एकदाच ठरवायचा. मथळा, पत्ता, तारीख ही त्याची लेकरं. लेकराला फक्त वेगळं काय तेवढं सांगायचं, मथळ्याला निळा रंग, तारखेला ठळकपणा. बाकी जे सांगितलं नाही, ते मुळाकडून आपोआप येतं. मला लगेच पटलं. रंगखात्यातही मूळ छटेची एक चिठ्ठी असायची, पुढच्या चिठ्ठीत फक्त फरक लिहायचा.

तर गेल्या महिन्यात मी मूळ अक्षर मोठं केलं. सगळं मोठं झालं, मथळे तेवढे मुंगीएवढेच. दोन दिवस मशीनला शिव्या घातल्या. मग आठवलं, हौसेनं मीच मथळ्याचा आकार आकड्यात लिहून ठेवला होता. एकदा स्वतःचं सांगितलं, की लेकरू मुळाचं कशाला ऐकतंय! ती ओळ खोडली, तसा मथळा गुणी मुलासारखा वाढला. त्यानंतर आणखी तीनदा अक्षर मोठं केलंय. तुझी आई म्हणते, "अर्ज लिहिताय, की लालबागच्या मेळ्याचा बोर्ड रंगवताय?"

मी हसण्यावारी नेलं. पण परवा भरदिवसा दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, तेव्हा तिनं मला ओढतच डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळता येते, म्हणाले. घरात आधी कुणाला होतं का, असंही विचारलं. तुझे आजोबा, दौलतराव, पन्नाशीनंतर भिंत चाचपत चालायचे. आम्ही वयावर ढकललं. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

पोरी, हे दुखणं मुलांत उतरू शकतं. न सांगितलेलं मुळाकडून येतं, हे तूच शिकवलंस, म्हणून मी सांगतोय. याच आठवड्यात सुट्टी काढ आणि डोळ्यांतला दाब मोजून घे. लवकर सापडलं तर नजर राहते. मला फार भीती वाटते आहे, आणि ती माझ्या डोळ्यांची नाही. डॉक्टर काय म्हणाले ते लगेच लिहून कळव, आणि अक्षर जरा मोठं काढ.

तुझाच,
बाबा