सिंगापूर उघडलंय म्हणे

बाडहूव्हडॉर्प, नेदरलँड,
रविवार, २१ नोव्हेंबर २०२१

चि. सौ. नीलिमास आईचे आशीर्वाद.

आम्ही इथे बरे आहोत. तूही बरी आहेस हे मला कळलंय, कसं ते पुढे लिहिते. चौथी पास बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घे. फोनवर मी काही विचारलं की तुझा आवाज तुटायला लागतो, म्हणून कागद घेतला.

तुझ्या भावाची, रणजितची, विमानतळावरची ड्यूटी पुन्हा सुरळीत झाली. कीर्ती अजून घरूनच काम करते. तिची मीटिंग चालू असली की मला कुकर लावायची बंदी. सुनेच्या राज्यात शिट्टीलाही परवानगी लागते. मला दोन्ही लशी टोचून सहा महिने झाले. साधा हातसुद्धा दुखला नाही.

आता सानिकाचं. इथल्या शाळेत प्रत्येक पोराला वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलावं लागतं. स्प्रेकबेर्ट म्हणतात त्याला. तिने सिंगापूर घेतलं, आत्याचं गाव म्हणून. आठवडाभर माझ्यापुढे सराव चालला होता. ती डचमध्ये बोलायची, मी मराठीत अडवायची, मग ती कपाळाला हात लावून मोडक्यातोडक्या मराठीत समजावायची.

तर तुझं सिंगापूर मला आता पाठ आहे. एवढंसं बेट, गाडीने तासाभरात या टोकाहून त्या टोकाला. शेती नावाला, पिण्याचं पाणीसुद्धा शेजारच्या मलेशियातून नळाने येतं. त्याच मलेशियाने पासष्ट साली त्यांना घरातून वेगळं काढलं. वेगळा काढलेला धाकटा ईर्षेला पेटून उभा राहतो, तसं झालं. बंदर चालवलं, कारखाने आणले, बँका आणल्या, आज थोरल्यापेक्षा श्रीमंत. चिनी, मलय, तमिळ सगळे सरकारने बांधलेल्या उंच इमारतींत शेजारी शेजारी. कुठल्या इमारतीत कोण किती, तेही सरकारच ठरवतं. च्युइंगम विकायचं नाही, रस्त्यात थुंकायचं नाही, नाहीतर दंड. मी म्हटलं, असल्या गावात माझं चांगलं जमलं असतं.

मग तिने तू पाठवलेले फोटो दाखवले. एकात बाजारासारखी मोठी खाण्याची जागा होती, टेबलावर भाताची ताटली आणि पलीकडे तू, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत. रंग उजळलाय तुझा. शेजारी मास्क हनुवटीवर ओढून नारळपाणी पिणारी बाई मी लगेच ओळखली. लंडनच्या विहीणबाई. तुझ्या लग्नातही त्या अशाच कोपर पसरून बसल्या होत्या. सानिका म्हणाली, तेव्हा तिथे एका टेबलाला दोघांनाच बसू देत होते. म्हणजे मोजून एक जागा होती आणि ती भरलेली होती.

मी म्हटलं, जुना असेल फोटो. पोर म्हणाली, नाही, मागच्याच महिन्यातला. मग तिने तिचं शेवटचं पान काढलं, तिथे कसं जायचं ते.

"ओपन आहे आजी, ऑक्टोबरपासून. टोचलेल्यांना. नेदरलँड आणि इंग्लंड, दोन्हीला सेम डे."

मी दोनदा वाचायला लावलं. तिला वाटलं, मला ऐकू येत नाही.

नीलिमा, तू मागच्या मंगळवारीसुद्धा म्हणालीस, बॉर्डर बंद आहे गं आई, नाहीतर तुला बोलावलं नसतं का. मी जुन्या सुती पातळांची सहा दुपटी शिवून ठेवली होती. डिंक रणजितने अ‍ॅमस्टरडॅमहून शोधून आणला होता. तो आणतानाही त्याला बॉर्डर उघडल्याचं माहीत होतं, बरं का. जेवताना मी विचारलं, तर त्याने ताट पुढे सरकवलं. बोलली ती कीर्तीच.

"आई, ताईंनीच सांगितलं होतं, बाळ होईपर्यंत तुम्हाला कळू देऊ नका."

सुनेने सांगितलं. पोटच्या दोघांनी नाही.

का ते मला माहीत आहे. अडाणी आहे, मूर्ख नाही. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तुझं गेलं, तेव्हा तू दवाखान्यातून फोन केलास आणि मी म्हणाले, दिवसरात्र कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसलीस, मग दुसरं काय होणार. तू फोन ठेवलास. नंतर आपण त्याबद्दल बोललो नाही, आणि मला वाटलं, मिटलं.

रणजितच्या आधी माझंही एक गेलं होतं. तुम्हाला कुणालाच सांगितलं नाही. कळशी उचललीस म्हणून गेलं, असं माझ्या सासूने चार बायकांत ऐकवलं होतं. मी तिचं तोंड बघायची नाही म्हणून ठरवलं होतं, आणि तिच्याच हाताखाली चौदा वर्षं भाकऱ्या थापल्या. तुला तसं करावं लागलं नाही. तुझ्याकडे समुद्र होता मधे, आणि वर आजार आला.

माझी जीभ वाईट आहे. ते वाक्य मला परत घेता येत नाही आणि गोड बोलून झाकताही येत नाही. पण तुझ्या तोंडावर बोलले होते मी. तू दीड-दोन वर्षं मला आजाराच्या, सरकारच्या आड उभी राहून फसवलंस, भावाला साक्षीला घेऊन. त्यातलं पहिलं दीड वर्ष खरंच बंद होतं, हे मी जाणते. हा शेवटचा महिना मला गिळवत नाही.

रणजित आता तिकीट काढतो म्हणतो. मी नको म्हटलं. दार उघडं आहे म्हणून आत शिरणारी बाई मी नव्हे.

कीर्ती म्हणते, पत्राला पंधरा दिवस लागतील. तुझे दिवस भरायच्या आत मिळेल. मिळालं की एवढंच कर. ये म्हणायचं तर ये म्हण. नको म्हणायचं तर स्वतःच्या हाताने लिही, आई, तू नको आहेस. ते मी चष्मा लावून नीट वाचीन आणि घडी करून ठेवीन. पण बंद आहे असं पुन्हा सांगू नकोस.

विहीणबाईंना नमस्कार सांग. त्यांना सांग, पाठ शेकताना हात हलका ठेवा, तुला लहानपणापासून गरम सोसत नाही.

न बोलावलेली,
तुझी आई