कस्तुराचं वर्तुळ

नांदेड,
शुक्रवार, १४ जून २०२४

चि. हणमंतास अक्काचे आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझा गुडघा कसा आहे? इकडे ठीक. मिहिर ऑफिसला जातो, येतो, जेवतो, गप्प बसतो. पोटचा पोरगा महिनोन्‌महिने गप्प बसला की घर खायला उठतं. इराचा पाळणा अजून काढलेला नाही.

मार्चमध्ये तू पुनमला आणि इराला हैदराबादला नेलंस, मिहिरही तिथं आला आणि तिघांचं रक्त दिलं, त्याचा रिपोर्ट आला. सीईपी-२९० नावाचं एक जनुक आहे. त्यावरून तयार होणारं प्रथिन पेशीच्या केंद्रापाशी असतं. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींत एक अरुंद वाट असते, तिथली ये-जाही तेच सांभाळतं. इराच्या अंगात ते धड बनतच नाही, म्हणून तिला जन्मापासून दिसत नाही. बिघडलेली एक प्रत मिहिरकडून आली, एक पुनमकडून. दोन्हींतला बिघाड हुबेहूब एकच. म्हणजे मिहिरला माझ्याकडून आणि पुनमला तुझ्याकडून. एकाच प्रतीनं काही होत नाही, म्हणून आपण दोघं ठणठणीत. मामाची पोर भाच्याला करायची ही आपली रीत, आणि पुनमला मागायला देगलूरला मीच आले होते.

म्हणजे सुईचा काही संबंध नव्हता, हणमंता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इराकडे बघून कुणीतरी हळहळलं, आणि मी सगळ्या बायकांसमोर बोलले, "परसालच्या दिवाळीतल्या गिराणात हिनं नवऱ्याच्या सदऱ्याला बटण लावलं. पोटुशी होती. नको म्हणलं तर ऐकली न्हाई." पुनम वाण वाटत होती. तिनं ताट खाली ठेवलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तू येऊन दोघींना घेऊन गेलास. आणि मी म्हणे विज्ञानाची बाई! तीस वर्षं चेंडू आणि दिवा घेऊन पोरांना ग्रहण शिकवलं.

पण माझा त्या सुईवर विश्वास नव्हताच. खरं कारण मला ठाऊक होतं, हे लिहायला मी दोन पानं फाडली.

इरा तीन महिन्यांची असताना मुठी डोळ्यांत खुपसायला लागली, तेव्हाच मी ओळखलं. असं करणारं मूल मी आपल्या घरात पाहिलं होतं. तुला आणखी एक बहीण होती. कस्तुरा. तुझ्या-माझ्या मधली. आई तिचे हात फडक्यानं बांधून ठेवायची. पाहुणे आले की तिला कोठीत नेऊन बसवायचं काम माझं. ती माझा परकर घट्ट धरून चालायची. सहाव्या वर्षी अंग सुजून गेली, तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. आई म्हणाली, "तिचं नाव काढू नको. तुला कोन करून घेईल मग?" मी काढलं नाही. लग्न झालं, मिहिर झाला, आई गेली, तरी नाही. आपले आई-बाबाही मामा-भाचीच होते.

हैदराबादला रिपोर्ट सांगताना डॉक्टरबाईंनी घराण्याचा तक्ता काढला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, दोष असेल ते काळं. "घरात असं आणखी कुणी?" त्यांनी विचारलं. मिहिरच्या शेजारी बसून मी म्हणाले, नाही.

चार दिवस तसेच काढले. परवा एकटीच बसनं हैदराबादला गेले आणि सांगितलं. अंग सुजून गेली म्हटल्यावर बाई लिहायच्या थांबल्या. याच जनुकापायी काहींची मूत्रपिंडंही निकामी होतात. इराची तपासणी लगेच करा म्हणाल्या. मंगळवारची वेळ घेतली आहे. माझ्यावरचा राग ठेव, पण पोरीला ने.

उद्या मिहिर हे पत्र घेऊन येईल. त्याला दारातून परत पाठवू नकोस. कस्तुराचं त्यालाही सांगितलेलं नाही. पुनमनं शिलाई मशीन झाकून ठेवलंय, इराचं उसवलेलं झबलंही ती शेजारणीकडून शिवून घेते, असं फोनवरून कळल्याचं तो म्हणतो. म्हणून हे पत्र दोघांना समोर बसवून मोठ्यानं वाच. एक ओळही गाळू नकोस. पुनमनं मला माफ नाही केलं तरी चालेल. तिनं ते झबलं स्वतःच्या हातानं शिवावं.

तक्त्यात आता तुझ्या-माझ्या मध्ये एक वर्तुळ आहे. बाईंकडून पेन मागून मीच ते काळं केलं.

तुझी आणि कस्तुराची,
अक्का