मत न देण्यासाठी नेसलेलं धोतर

आबा, आज मतदान होतं. तुम्ही असता तर सकाळीच धुतलेलं धोतर नेसून शाळेसमोरच्या दगडावर जाऊन बसला असता, मत न द्यायला.

त्या वर्षी आपल्या वाडीनं देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती, की रस्ता दारात येईपर्यंत मत द्यायचं नाही. माझं ते पहिलंच मतदान, म्हणून मी खट्टू झालो होतो. द्यायचंच नाही तर घरी झोपतो, म्हणालो. तुम्ही कडाडलात, "झोपायचं आसंल तर मत दिऊन झोप. आपुन न्हाई म्हनतोय, ते दिसाया नगं व्हय?" मग अख्खी वाडी दिवसभर उन्हात बसलेली. शाळेत निवडणुकीची माणसं जांभया देताहेत आणि दुपारी तुम्हीच त्यांना ताकभाकरी नेऊन देताय. मी फुरंगटलो, तर म्हणता, "त्यांच्यावर कशाचा राग? ती पावनी हायेत." त्यानंतरच रस्ता आला, पण ओढ्यापर्यंत. ओढ्याच्या अलीकडं आलाच नाही. आजारपणात तुम्हाला झोळीतून खाली दवाखान्यात नेताना तो तेवढाच तुकडा सरेना, आणि तुम्ही ओढ्यातच प्राण सोडलात.

म्हणून मीही आजवर मत दिलं नाही, कापूरहोळच्या गॅरेजात पाने फिरवत राहिलो. या खेपेला मात्र मुद्दाम वर आलो. वाडीतली निम्मी घरं कुलपात. उरलेल्यांची बोटं सकाळीच शाईची झालेली. शपथेचं नावही कुणी काढलं नाही. मी इस्त्रीचा सदरा घालून एकटाच तुमच्या दगडावर बसलो. दुपारी निवडणुकीच्या कामावरची एक बाई बाहेर येऊन विचारते, "दादा, टेम्पोची वाट बघताय का? सावलीत बसा की." मला आधी हसू आलं आणि मग रडूच आलं. तुमचं न देणं साऱ्या वाडीचं होतं, म्हणून ते कुणाला तरी दिसलं. माझं एकट्याचं म्हणजे टेम्पोची वाट बघणं.

उठलो, आत गेलो, मत दिलं. कुणाला ते सांगत नाही, तुम्ही वाद घातला असता. शपथ तुमच्या पिढीची होती, माझी नव्हे, असं स्वतःला समजावत खाली उतरलो.

हे पत्र टाकायचं तरी कुठं, म्हणून एक सांगून टाकतो. ओढ्यावर बघायला कुणी नव्हतं, तरी तो ओलांडताना शाईचं बोट मी खिशात घातलं होतं.