फोटोपुरता पंप

३ नोव्हेंबर २००६, शुक्रवार
संस्थेचं पत्र आलं. 'शेतातली मुलं: सुरक्षा आणि आरोग्य' या विषयावर स्थानिक पत्रकारांचं दोन दिवसांचं शिबिर मी घ्यायचं. नीट झालं तर राज्याचा मुख्य प्रशिक्षक मीच. 'नीट झालं तर' त्यांनी उगाच लिहिलंय.
नीलिमा म्हणाली, तुम्ही शेत कधी बघितलंय? बायकोला काय सांगणार! या सिल्व्हर पार्क वसाहतीत राहायला आलो तेव्हा खिडकीतून भातशेती दिसायची. चार वर्षं बघितली.
आजपासून रोज दोन तास अभ्यास.

७ नोव्हें.
अभ्यास नाही. व्हिजिटिंग कार्डं छापली. 'मुख्य प्रशिक्षक'. पुन्हा दुसरी कशाला छापा?

११ नोव्हें., शनि.
वीस बोलावले, चार आले. एक जण जेवून गेला, महापालिकेची सभा होती म्हणे. माणसं कमी असली की शिकवणं खोल होतं.
पेणकरपाड्याच्या साप्ताहिकातली नीलम फार प्रश्न विचारते. मुलाच्या अंगावर फवारणीचं औषध सांडलं तर आधी काय करायचं? मी म्हटलं, आधी फोटो. कोणी हसलं नाही. मग तिनेच पुस्तिकेतून वाचलं: कपडे काढा, साबणाने धुवा, डॉक्टरकडे न्या. मुलगी हुशार आहे. माझ्या हाताखाली तयार होतेय.

१२ नोव्हें., रवि., रात्री
शिबिराचा दुसरा दिवस, पाहणीला उत्तन गाव. ग्रेसीबाईंची भाजीची वाडी. विहिरीला कठडा, वर जाळी. औषधं कुलपात. त्यांची सात वर्षांची जॉयस लांब ओट्यावर पाढे लिहीत बसलेली. अशाने बातमी कशी व्हायची?
फोटोपुरता फवारणीचा पंप पोरीच्या पाठीवर देऊ म्हटलं. ग्रेसीबाई म्हणाल्या, आमची पोरां पंपाला शिवत न्हाय. आणि चहा टाकायला आत गेल्या. त्यांच्या दिराला, कॅजिटनला, मी सांगितलं की वहिनींची परवानगी आहे. त्याने कुलूप काढून दिलं.
पंप रिकामा असेल असं मला वाटलं; पोरीच्या पाठीवर चढवला, नीलमला फोटो काढायला लावला. झाकण सैल होतं. पोरीची मान, पाठ भिजली. ती रडायला लागली आणि मी तसाच उभा. नीलमने फ्रॉक काढला, साबण लावून धुतलं, ग्रेसीबाईंबरोबर रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. मी थांबलो. शिबिर कोणीतरी सांभाळायला हवं.
मानेवर पुरळ आहे, बाकी भीती नाही, असा निरोप आला. फार घाबरलो होतो. इथे कोण वाचतंय म्हणून लिहितो.

१३ नोव्हें.
अहवाल पाठवला. 'प्रात्यक्षिक परिणामकारक झाले.' नीलमला फोन करून म्हटलं, एवढ्यात बातमी नको, आधी विषयाचा अभ्यास कर. ती म्हणाली, सर, कालच दिली.

१४ नोव्हें., बालदिन
पहिल्या पानावर. माझं नाव, वय, पत्ता, सगळं अचूक. फोटोत जॉयसच्या पाठीवर पंप आणि पट्ट्यावर माझा हात. नीलिमाने पेपर वाचला, घडी करून माझ्या ताटाशेजारी ठेवला. भाजी मात्र वाढली नाही.

२० नोव्हें., सोम.
संस्थेचं पत्र. पुढची शिबिरं नीलम घेणार. मी प्रशिक्षणार्थी म्हणून आलो तर हरकत नाही, असंही लिहिलंय.
बिस्किटांचा डबा घेऊन उत्तनला गेलो. माफी मागायची असं बसमध्ये चारदा ठरवलं. जॉयस अंगणात खेळत होती. मला बघितलं, खेळ टाकून आत गेली आणि दाराला कडी लावली. ग्रेसीबाई वाडीतून आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, धोक्याचा काय दिसला का घरात जायचा, आसा शिकवलाय तिला.
डबा ओट्यावर ठेवला. माफी मागायची राहिली.