दार नुसतं लोटलेलं

आई, उन्हाळ्यात आपल्या गच्चीवर पापड व्हायचे. गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. आज आपल्याकडे, उद्या दुसरीकडे. लाट्या अर्ध्या संपल्या की तू हात पुसत उठतेस, जिन्याजवळच्या खोलीत जातेस आणि दार लोटून घेतेस. बाहेर कोणीतरी म्हणतंच, “गेल्या राणीसाहेब महालात.” आतून तुझा आवाज येतो, “आयकून राहिले बाई मी. पापड जाड नका लाटू.” सगळ्या हसतात. घडीभराने तू परत येतेस, चेहरा निवलेला. मी मात्र कॉन्व्हेंटातून आले की कडी लावून अभ्यासाला बसायचे आणि तू दार वाजवायचीस. “कडी काहून लावली? एकटं बसाचं तं बस, पन दार निस्तं लोटाचं.”

आई, आता अमरावतीतल्या माझ्या फ्लॅटचं दार नुसतं लोटलं तरी लॅच लागून आपोआप बंद होतं. मागच्या आठवड्यात तापाने दोन दिवस पडून होते. समोरच्या दारातल्या बाईला वाटलं, मी अकोल्याला लेकीकडे गेले. बिल्डिंगच्या ग्रुपवर मी रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवते. ते आलं नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी तरी कुठे इतरांची फुलं उघडून बघते? लेक म्हणते, “आता इकडेच ये.” तिच्या घरी माया आहे, नातवंडं आहेत, दिवसभर टीव्ही आहे आणि मी हॉलमधल्या दिवाणावर झोपते. चार दिवसांत थकून जाते. इथे परतले की दोन दिवस बरं वाटतं, मग बोलायला कोणी हवं म्हणून भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करते. येणार नाही असं तिला कळवलं आहे. ती रुसली. एवढंच म्हणाली, “निदान शेजारी एक किल्ली तरी ठेव.”

हे पत्र तुला कुठे पाठवणार, तुझ्या पितळी परातीत ठेवून देते. माझ्यामागे ती परात लेकीला. तुझा पोळपाट समोरच्या बाईला. ती अजून घरी पापड करते, एकटीच. दुसरी किल्लीही तिलाच, पण ती माझ्यामागे नाही, आत्ताच द्यायची आहे. काल त्यासाठीच तिची बेल वाजवली. किल्ली मुठीत होती. “काय पायजे काकू? या न, बसा,” ती म्हणाली, आणि मी गोडलिंबाची काडी मागून परत आले.