लहानपणाची साक्षीदार

प्रिय ताई,

आमच्या कचेरीतले चहाचे कप बदलले, ही बातमी आमच्याच वर्तमानपत्राने दडपली. जाड पांढऱ्या कपांच्या जागी आता कागदी प्याले आलेत. ते ओठाला लागले की दाताखाली खडू आल्यासारखं होतं. निषेध म्हणून मी चहा सोडला. दखल फक्त माझ्या डोकेदुखीने घेतली. संपादक म्हणाले, बाई, तुमच्या सदराला विषय मिळाला की. मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून, रडले. कपासाठी.

नव्या डॉक्टरीणबाईंना हे विनोद म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या विनोदाला न हसणाऱ्या माणसांची मला धास्ती वाटते. त्यांनी एवढंच विचारलं, लहानपणीही असं व्हायचं का?

जुन्या डॉक्टरांनी माझ्या नावापुढे व्यक्तिमत्त्व विकार लिहून ठेवलाय, ते तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून मी दाढ दुखते म्हटलं तरी समोरचा आधी माझा चेहरा निरखतो. ह्या बाई म्हणतात, तो असेलही, नसेलही. कदाचित मुळात ऑटिझम असेल आणि ही चिंता, हे नैराश्य त्यावर चढलेलं असेल. कदाचित सगळेच एकत्र नांदत असतील. बाहेरून पुष्कळदा सारखंच दिसतं म्हणे, तेच भडकणं, तेच माणसं तोडणं. म्हणून मागे जाऊन बघायचं. ऑटिझम असेल तर त्याच्या खुणा अगदी लहानपणापासून असणार. व्यक्तिमत्त्व विकार सहसा वयात येताना डोकं वर काढतो.

आणि माझं लहानपण पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय.

मला भीती वाटते गं. ऑटिझम निघाला तर इतकी वर्षं मी कशावरच्या गोळ्या गिळल्या, याची. नाही निघाला तर लोक म्हणतात तशीच मी आहे, याची. आणि सगळ्यात जास्त तुझी. तू बाईंसमोर बसून आईसारखं म्हणशील, ती पहिल्यापासून नाटकीच. किंवा त्याहून वाईट, मायेपोटी म्हणशील, छे हो, अगदी गुणी होती.

म्हणून लिहितेय. बुधवारी बाईंच्या दवाखान्यात ये. मी बाहेर थांबेन. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. लोकरीचा स्वेटर मी गॅलरीतून खाली फेकायचे, ते सांग. पाहुणे आले की पलंगाखाली शिरायचे आणि तू माझं ताट आत सरकवायचीस, तेही. तुला चावले होते तेसुद्धा सांग. पाहिलंस तेवढंच.

आणि तुला एक उत्तर द्यायचं राहिलंय. आई गेली तेव्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू विचारलंस, तुला काहीच कसं वाटत नाही? मी भिंतीकडे बघत राहिले. वाटत होतं, ताई. भिंतीवर आग विझवायचं नळकांडं होतं. त्यावरच्या सूचना मी पुन्हा पुन्हा वाचत होते, कारण थांबले असते तर किंकाळी फुटली असती. त्या सूचना मला अजून पाठ आहेत.

तुझीच,
किरकिरी