वाकलेलं कडं

पोरी,

तू डोळ्याजवळ टाके घालून घ्यायला दवाखान्यात गेलीस आणि तुझा नवरा आला. "म्हाताऱ्या, बायकोला बाहेर काढ, नाहीतर तिचा दुसरा डोळाही फोडतो," म्हणाला. मेजावर नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांचं लोखंडी कडं होतं, मीच भट्टीत घडवलेलं. तेच उचलून त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचं ऐकू आलं, तरी पुन्हा हाणलं. जिवंत आहे. शेजाऱ्यांनी त्याला इस्पितळात नेलंय. मी पोलीस चौकीत सांगायला चाललोय.

दर वर्षी मेणबत्ती लावताना मी तुला म्हणायचो, "वाट बघ, सुधारेल." माझ्या शब्दाखातर तू आठ वर्षं मार खाल्लास. या दिवसांत प्रभूची वाट बघायची असते, ती मी त्या माणसाची बघायला लावली. परत जाऊ नकोस. चर्चच्या पाळकबाईंनी सांगितलं तरी नको.

फरशी पुसलीय, पण मेजाखाली रक्त राहिलं असेल. तुझ्या छोटीच्या नजरेस पडायच्या आधी तू बघ. कडं वाकलंय, खाली लाकडाची चीप सरकव. आज तिसरा रविवार, तिसरी मेणबत्ती छोटीला लावू दे. वाट कोणाची बघायची, असं तिने विचारलं, तर प्रभूची म्हण. आणि जमलं तर थोडी माझी.

बाबा